बाबासाहेब आणि चाळीस रुपयांचे पाणी

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका म्हटली की तिच्यात परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र असायचेच. महू, सातारा, कोलंबिया, महाड, नाशिक, घटना आणि नागपूर हे टप्पे आपल्या संस्कार वर्गाला बसणाऱ्या पोरांनाही तोंडपाठ आहेत. म्हणून या वेळी तेच चरित्र जरा वेगळ्या वाटेने सांगायचे आहे. ही वाट पाण्याची आहे. बाबासाहेबांच्या ६५ वर्षांच्या आयुष्यात पाणी पुन्हा पुन्हा आडवे आले. कधी शाळेच्या नळाच्या रूपाने, कधी प्रवासातल्या डबक्याच्या रूपाने, कधी महाडच्या तळ्याच्या रूपाने, तर कधी थेट नद्यांवरच्या धरणांच्या रूपाने.

या कथेत पाण्याच्या जोडीला पैसाही आहे. विहीर काही आपोआप होत नाही, तळ्याचा गाळ काही आपोआप निघत नाही. त्याला पैसा लागतो. तो पैसा कोणाच्या खिशातून येतो आणि पाणी मात्र कोणाच्या घरी जाते, हा साधा हिशेब आपल्या समाजाने कधी विचारलाच नव्हता. तो विचारायला बाबासाहेबांनी शिकवले. आणि नुसते विचारायला नाही, तर त्यासाठी आपली गरिबाची पै-पैसा वर्गणी एकत्र करायलाही शिकवले.

तहानलेले बालपण

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात शिक्षक होते. आई भीमाबाई. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्याला आले आणि तिथेच लहान भीमाची आई गेली.

साताऱ्याच्या शाळेत भीमाला बसायला तरटाचा तुकडा घरून न्यावा लागे. तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नव्हती. मास्तरांची परवानगी काढायची, मग शिपायाने येऊन नळ सोडायचा, तेव्हा पाणी. शिपाई जागेवर नसला की पाणीही नाही. वर्गातली बाकीची मुले धावत जाऊन पाणी पिऊन येत होती आणि हा हुशार मुलगा कोरड्या घशाने बसून राहत होता.

सुमारे १९०१ सालची गोष्ट. रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल म्हणून कामाला होते. त्या भागात दुष्काळाने माणसे मरत होती आणि दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता. सुट्टीत मुलांना त्यांनी तिकडे बोलावले. भीम, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले, अशी चार पोरे नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कोणी आलेले नव्हते, कारण पत्र वेळेवर पोचलेच नव्हते. ही मुले महारांची आहेत हे कळताच बैलगाडीवाले मागे सरले. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असा करार झाला.

वाटेत मुलांनी जेवणाचा डबा उघडला. जवळ पाणी नव्हते. नदीच्या पात्रात एक डबके दिसले, पण ते गुरांच्या शेणामुताने आणि चिखलाने भरलेले. त्या घाणीचा वास सहन होईना. जेवण अर्धवट टाकून डबा बंद करावा लागला. पुढे रात्री जकात नाक्यावर पाणी मागितले तर तिथेही नकार मिळाला. भरलेला डबा शेजारी असून चार लेकरे उपाशी झोपली.

ज्या बापाच्या हातून तलावाच्या कामाचा पैसा वाटला जात होता, त्याच बापाच्या लेकरांना वाटेत घोटभर स्वच्छ पाणी मिळाले नाही! ही आठवण बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवली. ते टिपण त्यांच्या परिनिर्वाणानंतर कित्येक वर्षांनी, १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकेच्या रूपाने छापले.

पदवी मिळाली, पाण्याचे भांडे नाही

माणूस शिकला म्हणजे जात गळून पडते, असे पुष्कळांना वाटत होते. बाबासाहेब मुंबईला शिकले, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळवून १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे कोणाच्याही शेजारी बसून जेवावे, कोणत्याही नळाचे पाणी प्यावे. लंडनलाही तसेच.

१९१७ साली करारानुसार ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. एवढा शिकलेला अधिकारी, पण कचेरीत त्यांना पाणी प्यायला मिळेना. शिपाई फायली हातात न देता टेबलावर टाकत. राहायला जागा मिळेना. अखेर नोकरी सोडून ते मुंबईला परत आले. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानाला दुसऱ्या कॉलेजांतून येऊन बसत, पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये अशी काही सहकाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. आता बोला! अर्थशास्त्र शिकवलेले चालते, पण त्याच हाताने घेतलेले पाणी चालत नाही.

यातून बाबासाहेबांनी एक गोष्ट ओळखली. एकट्याने वर चढून पाणी मिळत नाही. सगळ्या समाजाला मिळाले तरच एकालाही मिळते. पुन्हा लंडनला जाऊन, डी.एस्सी. व बॅरिस्टर होऊन ते १९२३ साली परतले आणि २० जुलै १९२४ रोजी त्यांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. परळच्या दामोदर हॉलमध्ये तिचे काम चाले. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, म्युनिसिपालटीत राबणारी आपली माणसे सुट्टीच्या दिवशी तिथे जमू लागली.

सरकारी तिजोरी कोणाची?

इकडे मुंबई कायदे कौन्सिलात एक मोठी गोष्ट घडली होती. रावबहादूर सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातले सुधारक. त्यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी ठराव मांडून मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्ट, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव.

या ठरावाची मेख ध्यानात घ्या. तो कोणाच्या दयेवर उभा नव्हता, पैशाच्या हिशेबावर उभा होता. सार्वजनिक तिजोरी ही सगळ्या रयतेची. तिच्यात मीठ, कापड, दारू, जमीन अशा कितीतरी मार्गांनी गरिबाचाही पैसा जातो. मग त्या पैशाने बांधलेल्या विहिरीवर गरिबाला मज्जाव कसा? खाजगी आडाची गोष्ट वेगळी, पण सार्वजनिक पैशाचे पाणी हे सार्वजनिकच.

महाड नगरपालिकेने १९२४ साली हा ठराव मान्य करून चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे समतावादी गृहस्थ होते. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. मुसलमान, ख्रिस्ती त्या तळ्याचे पाणी घेत. गुरेढोरे पाणी पीत. फक्त अस्पृश्य माणूस तेवढा पाण्यापाशी जाऊ शकत नव्हता. बाजाराला, कोर्टाच्या कामाला आलेली आपली माणसे महाडात दिवसभर तहानलेली फिरत.

चाळीस रुपये

अशा वेळी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरवायचे ठरले. १९ व २० मार्च १९२७ या तारखा नक्की झाल्या. रामचंद्र बाबाजी मोरे या तरुण कार्यकर्त्याने आणि त्याच्या साथीदारांनी गावोगाव फिरून वाड्यावाड्यांत ही हाक पोचवली. परिषद भरवायची म्हणजे मांडव, दिवाबत्ती, जेवण, कागद, प्रवास. पैसा आणायचा कोठून? आपल्या मागे ना सावकार ना संस्थानिक. जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे देत गेला. गावाकडच्या माणसांनी द्यायचे, मुंबईच्या चाकरमान्यांनी द्यायचे, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने अंगमेहनत द्यायची, असा तो मामला.

परिषदेला हजारो माणसे लोटली. १५ वर्षांच्या पोरापासून ७० वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. कोणी कोणी शंभर मैलांहून अधिक वाट तुडवत, खांद्यावर भाकरी बांधून आलेले. भाकरी होती, पण पाणी? परिषदेच्या जागी आपल्या माणसांना घेता येईल असे पाणीच नव्हते. शेवटी सवर्णांकडून पाणी विकत घ्यावे लागले. परिषदेच्या पाण्यासाठी तब्बल ४० रुपये मोजावे लागले!

बंधू-भगिनींनो, १९२७ सालचे ४० रुपये म्हणजे काय, याचा विचार करा. साध्या गिरणी कामगाराचा महिन्याचा पगारही त्याच्या आसपासच असायचा. म्हणजे एका कुटुंबाने महिनाभर घाम गाळून कमवावे, तेवढा पैसा दोन दिवसांच्या पिण्याच्या पाण्यावर गेला. आणि तोही अशा गावात की जिथे सार्वजनिक पैशाने राखलेले मोठे तळे हाकेच्या अंतरावर भरलेले होते. वर्गणी आमची, मेहनत आमची, सरकारच्या तिजोरीत पैसाही आमचा, आणि पाणी मात्र विकतचे!

दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, परिषदेचे कामकाज संपत आले तेव्हा अनंतराव चित्रे यांनी मुद्दा मांडला की आता इथूनच सर्वांनी तळ्यावर जावे आणि नगरपालिकेचा ठराव अमलात आणावा. सगळी सभा उठली. चार-चारच्या रांगेने, शांतपणे मिरवणूक महाडच्या रस्त्यातून तळ्याकडे निघाली. बाबासाहेब पुढे होते. त्यांनी तळ्यात उतरून ओंजळीने पाणी घेतले, आणि त्यांच्या मागोमाग हजारो ओंजळी त्या पाण्यात बुडाल्या.

पाणी कसे लागले असेल त्या माणसांना? ते काही अमृत नव्हते, साधे तळ्याचेच पाणी होते. पण आदल्या दिवशी विकत घेतलेले पाणी आणि हे पाणी यात जमीन-अस्मानाचा फरक होता. कालचे पाणी दुसऱ्याच्या मेहेरबानीचे होते, आजचे हक्काचे.

स्वच्छ कोणते आणि शुद्ध कोणते?

त्यानंतर जे घडले ते आपणा सर्वांना माहीत आहे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई गावात उठवली गेली. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन मांडवावर चालून आला. जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांना झोडपले. अन्न मातीत मिसळले. कित्येक जखमी झाले. काहींना मुसलमान बांधवांनी आपल्या घरात आसरा दिला म्हणून ते बचावले. आपली माणसेही संख्येने कमी नव्हती, त्यात लष्करातून आलेले पेन्शनर होते. एका इशाऱ्याने महाडात रक्ताचा सडा पडला असता. पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि कायद्याची वाट धरली. पुढे हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

इकडे सनातनी मंडळींनी तळे बाटले म्हणून त्याच्या शुद्धीचा घाट घातला. १०८ मातीच्या घागरी, मंत्र आणि पंचगव्य. पंचगव्यात गाईचे शेण असते आणि मूत्रही असते. आता मघाची मसूरच्या वाटेवरची गोष्ट आठवा. शेणामुताच्या पाण्याने ज्या मुलाची तहान भागली नाही, त्याने मोठेपणी स्वच्छ तळ्याला हात लावला, तर ते तळे शुद्ध करायला शेणमूतच आणले गेले! पाणी स्वच्छ असणे निराळे आणि धर्मशास्त्राने शुद्ध ठरवणे निराळे. पहिल्याने माणूस जगतो, दुसऱ्याने माणसाचा अपमान होतो. ही गोष्ट महाडने आपल्याला डोळ्यांत अंजन घालून दाखवली.

पुन्हा वर्गणी, पुन्हा महाड

मार खाऊन समाज घरी बसला नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. त्यातून महाडच्या पुढच्या लढ्याची हाक दिली गेली. सत्याग्रहासाठी नावे नोंदवा, निधी द्या, असे आवाहन झाले. नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला आधीचा ठराव मागे घेतला, तरी समाज मागे हटला नाही.

डिसेंबरात सत्याग्रह परिषद ठरली. पण या वेळी महाडच्या व्यापाऱ्यांनी माल द्यायचा नाही असे ठरवले. मांडवाला कोणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली तेव्हा मांडव उभा राहिला. दहा दिवस पुरेल एवढा शिधा, सामानसुमान बाहेरून आणून साठवावे लागले. मार्च महिन्यात पाणी विकत घेण्याची पाळी आली होती, त्यावरून कार्यकर्ते शहाणे झाले होते. लढाई नुसत्या घोषणांनी होत नाही. तांदूळ, सरपण, पाणी, दिवे, भाडे यांचा चोख बंदोबस्त आधी करावा लागतो.

बाबासाहेब २४ डिसेंबरला मुंबईहून आगबोटीने निघाले आणि २५ तारखेला दुपारी दासगाव बंदरात उतरले. तिथून सारे पायी महाडला पोचले. त्याच रात्री गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले.

प्रत्यक्ष तळ्यावर मात्र या वेळी जाता आले नाही. महाडच्या काही सवर्णांनी तळे ही आपली खाजगी मालमत्ता आहे असा दावा लावला होता आणि कोर्टाने १४ डिसेंबरलाच तात्पुरता मनाई हुकूम काढला होता. हजारो सत्याग्रही तुरुंगात जायला तयार होते. कलेक्टरांनीही परिषदेत येऊन समजावले. अखेर कोर्टाचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करायचे ठरले. मांडवातल्या माणसांना ते गिळणे सोपे गेले नसेल. पण हक्क मिळवायचा तर तो कोणी पुन्हा हिरावून घेऊ शकणार नाही असा पक्का मिळवावा, हा बाबासाहेबांचा विचार होता. तळ्याला वळसा घालून शांततेने मिरवणूक काढली गेली आणि परिषद आटोपली. महिलांच्या सभेत बाबासाहेबांनी स्वच्छ राहा, जुनी ओळख सांगणारे कपडे-दागिने टाका, मुलींना शिकवा, असे कळकळीने सांगितले. त्या दौऱ्यात ते महाडजवळची प्राचीन बौद्ध लेणीही पाहून आले.

दहा वर्षांचा दावा

आता सुरू झाली कागदांची लढाई. बाबासाहेब आणि शिवतरकर यांच्यासह काही जण प्रतिवादी होते. वादींचे म्हणणे असे की हे तळे आमचे, आणि अनादी काळापासून अस्पृश्यांना इथे पाणी घ्यायची वहिवाट नाही. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. १९३१ साली महाडच्या कोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. वादी ठाण्याला अपिलात गेले, तिथे १९३३ साली हरले. मग मुंबई हायकोर्ट. अखेर १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल दिला. तळे नगरपालिकेच्या मालकीचे ठरले आणि अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही.

ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली. या दहा वर्षांत बाबासाहेब गोलमेज परिषदेला जाऊन आले, पुणे करार झाला, येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. पण महाडचा दावा त्यांनी सोडला नाही. या काळातलीच आणखी एक गोष्ट. १९३४ साली वेरूळची लेणी पाहायला जाताना बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादच्या किल्ल्यावर गेले. धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदात तोंड-पाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून तिथल्या लोकांनी कालवा केला. आत पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, पहाऱ्यात किल्ला पाहावा लागला. जगभर नाव झालेला माणूस, पण पाण्याजवळ गेला की पुन्हा ‘तो’च! म्हणूनच एका तळ्याचा निकाल पुरेसा नव्हता.

ओंजळीपासून नदीपर्यंत

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या खात्याकडे पाटबंधारे आणि वीजही होती, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते. १९४३ साली दामोदर नदीच्या पुराने बंगालात हाहाकार उडाला. तेव्हा त्या नदीच्या संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करणारी योजना बाबासाहेबांच्या खात्याने पुढे नेली. एकाच योजनेत पूर अडवायचा, शेतीला पाणी द्यायचे आणि वीजही करायची. त्यातूनच पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. देशातल्या जलमार्ग, सिंचन व नौकानयनासाठी केंद्रीय आयोग १९४५ साली त्यांच्याच काळात स्थापन झाला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे ओरिसातल्या नद्यांविषयी परिषद झाली. पाणी फार झाले म्हणून ते समुद्रात लोटून देऊ नका, ते संपत्ती आहे, साठवा, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. महानदीवरचे हिराकूड धरण त्याच विचारातून आकाराला आले.

आणि मग घटना. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी जी घटना देशापुढे ठेवली, तिचे १५ वे कलम जरूर वाचा. आपल्या घरी घटनेचे पुस्तक असेल तर आजच काढा. ज्या विहिरी, तळी, घाट, रस्ते पूर्णपणे किंवा अंशतः सरकारी पैशातून राखले जातात, किंवा जे जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेले आहेत, तिथे कोणालाही जातीच्या, धर्माच्या, लिंगाच्या कारणाने अडवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. बोल्यांच्या ठरावातला आणि महाडच्या तळ्यावरचा हिशेब इथे साऱ्या देशाचा कायदा झाला. तिजोरी सगळ्यांची, म्हणून पाणीही सगळ्यांचे. २६ जानेवारी १९५० पासून तो अमलात आला. १७ व्या कलमाने अस्पृश्यताच गुन्हा ठरली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तिथेही गोरगरीब माणसे पदरचे पैसे मोडून, उधार-उसनवारी करून, भाकरी बांधून आली होती. महाडला आली होती तशीच. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पण जाण्याआधी त्यांनी या समाजाला मागण्याची नव्हे, स्वतः देण्याची आणि हक्काने घेण्याची सवय लावून दिली होती.

आपल्या विहारासाठी

पाण्यासाठी वर्गणी काढणे ही आपल्या धम्मात काही नवी गोष्ट नाही. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत दगडात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत, त्यांना शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने अशी पोढी संघाला दान दिल्याचा लेख तिथे आहे. राजेरजवाडेच नव्हेत, तर व्यापारी, कारागीर, सामान्य गृहस्थ, भिक्खुणी यांनी आपल्या कमाईतून दिलेल्या दानावर ती लेणी उभी राहिली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातल्या कष्टकऱ्यांनी पाण्यासाठी पैसा दिला, त्याच परंपरेचे आपण वारस आहोत.

आज आपल्या वस्तीत घरोघर नळ आले आहेत, कोणाकडे फिल्टर आहे, लग्नकार्यात पाण्याचे जार येतात. पाणी विकत घेताना आता कोणाला लाज वाटत नाही. पण आजही कुठल्या ना कुठल्या गावातून पाणवठ्यावरच्या भेदभावाच्या बातम्या येतातच. आणि आपल्या स्वतःच्या वस्तीतही, टाकी साफ करायची म्हटली, मोटार दुरुस्त करायची म्हटली, की वर्गणीच्या वेळी दारे लागतात, हेही खरे आहे. महाडच्या मांडवात बसलेल्या माणसांजवळ आपल्यापेक्षा कितीतरी कमी होते. तरी त्यांनी दिले.

म्हणून २० मार्च आला की महाडला जरूर जावे, तळ्याला वंदन करावे, पोरांना ती जागा दाखवावी. पण त्याचबरोबर आपल्या विहारात तीन गोष्टी तरी व्हाव्यात. विहाराच्या दारात स्वच्छ पाण्याचा माठ बारा महिने भरलेला असावा आणि त्याच्यावर जात, धर्म न विचारता वाटसरूने पाणी प्यावे. पाण्यासाठी काढलेल्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब फळ्यावर लावावा, कारण सार्वजनिक पैसा म्हणजे सगळ्यांचा पैसा, हाच तर महाडचा धडा. आणि नगरपालिका, ग्रामपंचायत जिथे जिथे आपल्या कराच्या पैशातून पाणी देते, तिथे ते सर्व वस्त्यांना सारखे मिळते की नाही, हे विचारायला आपण एकत्र जावे. एकट्याने गेले तर शिपाई नळ सोडत नाही, हे साताऱ्याच्या शाळेपासून ठाऊक आहे.

बाबासाहेबांचे चरित्र आपण दरवर्षी वाचतो. या वर्षी ते वाचून झाल्यावर शेजारच्या घरी जा, आणि पाण्याच्या टाकीची वर्गणी कोणाची राहिली आहे तेवढे विचारून या. आधी अर्थात आपली स्वतःची भरून.

भवतु सब्ब मंगलं!
जय भीम! नमो बुद्धाय!